घोणस, प्लेटलेट आणि वीस मिनिटे

घोणशीच्या दंशाचा संशय असलेला रुग्ण दवाखान्यात आला की प्रथम एक अगदी साधी तपासणी करतात. तिला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. रुग्णाच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढायचे, ते नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचे, नळी वीस मिनिटे जागची हलवायची नाही, आणि मग एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त विरजलेल्या दह्यासारखे जागच्या जागी राहिले तर ते गोठले. पाण्यासारखे वाहिले तर विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच काढून घेतली आहे असे समजून प्रतिविष सुरू करायचे. नळी काचेचीच हवी, कारण काचेचा स्पर्श झाला की रक्तातील गोठण्याचा एक घटक जागा होतो. प्लास्टिकच्या नळीत तो तसा जागा होत नाही आणि साबणाच्या पाण्याने धुतलेली नळीही फसवी उत्तरे देते. लाखो रुपयांची उपकरणे नसलेल्या ग्रामीण रुग्णालयात माणसाचे प्राण या नळीवर तोलले जातात.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना ही नळी चांगली परिचयाची असावी, अशीच तेथील परिस्थिती आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांनी कुकडी, मीना आणि घोड नद्यांचे पाणी अडवले. पूर्वेकडची जिरायती जमीन ऊस, टोमॅटो, कांदा आणि बटाटा पिकवू लागली. पाणी आले तसे पीक आले, पिकामागे उंदीर आले आणि उंदरांमागे घोणस आली. उसाची सरी, कांद्याची चाळ, कडब्याची गंज, दगडी बांध या तिच्या आवडत्या जागा. कृषिपंपाची वीज पाळीने येते आणि ती पाळी रात्रीची असली म्हणजे शेतकऱ्याला अंधारात, ओल्या बांधावरून, पुष्कळदा अनवाणी दारे धरायला जावे लागते. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या रांगांत भातखाचरे आणि हिरड्याची झाडे आहेत. तेथे रस्ता लांब आणि दवाखाना त्याहून लांब. बिबट्याची बातमी होते. घोणशीची सहसा होत नाही, दंश झाला तरच होते.

नारायणगाव, मंचर, ओतूर यांसारख्या बाजारपेठांत किराणा, कापड, धान्य आणि आडत या व्यवसायांत असलेल्या जैन कुटुंबांना हा विषय परका नाही. धान्याच्या गोदामात उंदीर असतात आणि ज्या ग्राहकांवर दुकान चालते ते शेतातच असतात. शिवाय पुणे–नाशिक मार्गावरून साधू-साध्वीजींचा विहार याच गावांतून होतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात, अनवाणी पायांनी. चातुर्मासात विहार थांबतो ही मोठीच सोय आहे. पण घोणस हिवाळ्यातही चांगली हिंडती असते आणि तेव्हा विहार सुरू झालेला असतो.

घोणस ओळखण्यास सोपी आहे. जाड तपकिरी अंग, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी, त्रिकोणी डोके, आणि डिवचली असता कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फूत्कार. स्कॉटिश डॉक्टर पॅट्रिक रसेल यांनी १७९६ साली भारतीय सापांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्याच नावावरून इंग्रजीत तिला रसेलचा वायपर म्हणतात. तिच्या विषात आहे तरी काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी निरोगी रक्ताकडे वळावे लागते.

डेंग्यूच्या साथीमुळे ‘प्लेटलेट’ हा शब्द घरोघरी पोहोचला. शालेय पुस्तकांत त्यांना रक्तपट्टिका म्हणतात. इटलीतील ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये त्यांचे स्वतंत्र अस्तित्व आणि कार्य दाखवून दिले. प्लेटलेट ही पूर्ण पेशी नव्हे. अस्थिमज्जेतील एका प्रचंड पेशीचे तुकडे होऊन त्या तयार होतात. व्यास दोन ते तीन मायक्रॉन, आयुष्य आठ-दहा दिवसांचे, आणि रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये संख्या दीड ते साडेचार लाख. शरीर दररोज सुमारे १० हजार कोटी नव्या प्लेटलेट घडवते. त्यांना केंद्रक नसते, म्हणजे नवी प्रथिने घडवण्याचा मूळ आराखडाच त्यांच्याजवळ नसतो. जन्मताना मिळालेल्या पुंजीवर सारे आयुष्य काढायचे. ही गोष्ट पुढे ॲस्पिरिनच्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

रक्तवाहिनी शाबूत असेल तोवर प्लेटलेटने शांत राहायचे असते. तिला शांत ठेवण्यासाठी रक्तवाहिनीचे अस्तर सतत दोन निरोप पाठवत असते, एक प्रोस्टासायक्लिनचा आणि दुसरा नायट्रिक ऑक्साइडचा. अस्तर फाटले की खालचे कोलॅजन उघडे पडते. वाहत्या रक्तातील प्लेटलेट तेथे अडखळते, चिकटते, आणि तिच्या पृष्ठभागावरील ग्राहीप्रथिने आतल्या बाजूस खबर देतात. आत विकरांची साखळी चालू होते. एक विकर पेशीपटलातील मेदद्रव्य तोडते, त्या तुकड्यांपैकी एक आतल्या साठ्यातून कॅल्शियम मोकळे करतो, आणि कॅल्शियम वाढताच चपटी गोल प्लेटलेट आकार बदलून काटेरी होते. फॉस्फोलिपेज ए-२ हे दुसरे विकर पटलातून ॲराकिडॉनिक आम्ल सोडवते. सायक्लोऑक्सिजनेज हे तिसरे त्याचे रूप पालटते आणि शेवटी थ्रॉम्बॉक्सेन तयार होते. थ्रॉम्बॉक्सेन बाहेर पडून शेजारच्या प्लेटलेटना हाक घालते. त्याच वेळी प्लेटलेट आपल्या कणिकांमधले एडीपी बाहेर टाकते; तीही एक हाकच.

हाक दुरून ऐकून धावत सुटणे मात्र प्लेटलेटच्या स्वभावात नाही. प्रत्येक प्लेटलेटवर फायब्रिनोजेन धरणारे सुमारे ८० हजार हात असतात, पण ते मिटलेले असतात. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. केवळ एकीने पेटी उघडत नाही. येथेही एका संदेशाने प्लेटलेट सावध होते, पण पूर्ण ताकदीने उभी राहण्यासाठी कोलॅजन, थ्रॉम्बिन, एडीपी, थ्रॉम्बॉक्सेन अशा अनेकांचे एकमत व्हावे लागते. तसे झाले की हात उघडतात, फायब्रिनोजेनच्या दोरांनी प्लेटलेट एकमेकींना बांधल्या जातात, आणि त्यांच्या पृष्ठभागावर रक्त गोठवणाऱ्या घटकांची बैठक भरते. तेथे थ्रॉम्बिन हे विकर मोठ्या प्रमाणात तयार होते आणि फायब्रिनोजेनचे फायब्रिनच्या जाळ्यात रूपांतर करते. थ्रॉम्बिनचे आणखी एक काम विलक्षण आहे. प्लेटलेटवरील एका ग्राहीप्रथिनाचे टोक ते कापते आणि उरलेले नवे टोक त्याच प्रथिनाला चालू करते. म्हणजे येथे खबर पोहोचते ती कात्रीने.

या सगळ्या व्यवस्थेत घोणस खोटी सही करून शिरते. तिच्या विषातील एक विकर रक्त गोठण्याच्या साखळीतील दहावा घटक थेट चालू करते, दुसरे विकर पाचवा. जखम नाही, कोलॅजन उघडे पडलेले नाही, कोणाचे एकमत झालेले नाही. तरीही थ्रॉम्बिन तयार होऊ लागते. सर्व शरीरभर बारीक गुठळ्या होतात, प्लेटलेट त्यांत खर्ची पडतात, फायब्रिनोजेनचा साठा संपतो. खजिना रिकामा झाला की मग खरी जखम झाली तरी गोठवायला काही उरत नाही. हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त वाहू लागते. गोठवणारे विष रक्त पातळ कसे करते, या कोड्याचे उत्तर हेच. नळीतले रक्त पाण्यासारखे वाहते ते त्यात पाणी मिसळल्यामुळे नव्हे, सगळी पुंजी आधीच उधळली गेल्यामुळे. बारीक गुठळ्या आणि विषाचा थेट मारा यांनी मूत्रपिंड निकामी होण्याचे संकटही त्यात जोडले जाते. घोणशीच्या दंशातील पुष्कळ मृत्यू मूत्रपिंडामुळे होतात.

विषातही फॉस्फोलिपेज ए-२ असते. जे विकर प्लेटलेटच्या घरात जपून, मोजून वापरले जाते, तेच सापाने शस्त्र करून ठेवले आहे. काही विषांतील प्रथिने प्लेटलेटला विनाकारण चेतवतात, काही तिचे हात बांधून टाकतात. कोकणात अधिक आढळणाऱ्या फुरशाच्या विषात दोन्ही प्रकारचे घटक सापडले. एक विकर प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करते. आणि एकिस्टॅटिन नावाचे ४९ दुव्यांचे चिमुकले प्रथिन प्लेटलेटच्या त्या ८० हजार हातांत जाऊन बसते, म्हणजे फायब्रिनोजेनला जागाच उरत नाही.

येथून गोष्ट अनपेक्षित वळण घेते. १९३४ साली लंडनमध्ये आर. जी. मॅकफार्लेन आणि प्राणिसंग्रहालयातील सर्पविभागाचे बर्जेस बार्नेट यांनी घोणशीचे अत्यंत विरळ केलेले विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या रक्तस्रावावर वरून लावून पाहिले, आणि दात काढल्यावर न थांबणारे रक्त थांबले. याच मॅकफार्लेन यांनी पुढे १९६४ मध्ये रक्त गोठण्याच्या विकरांची पायरीपायरीची साखळी मांडली. आजही वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताची जी एक तपासणी डॉक्टर सुचवतात, तिच्यात विरळ केलेले घोणशीचे विष वापरतात. अहवालावर रसेल वायपर हे नाव छापलेले पाहून घरची माणसे दचकतात. एकिस्टॅटिनच्या रचनेवरून रसायनशास्त्रज्ञांनी टायरोफिबान हे औषध घडवले आणि १९९८ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. हृदयविकाराच्या झटक्यात अथवा अँजिओप्लास्टीच्या वेळी प्लेटलेटची गुठळी रोखण्यासाठी ते शिरेतून देतात. त्याच वर्षी मान्य झालेले एप्टिफिबाटाइड अमेरिकेतील एका छोट्या रॅटलस्नेकच्या विषावरून आले. ही औषधे प्रयोगशाळेत बनतात, त्यांत सापाचे विष नसते. केवळ नमुना सापाचा.

प्लेटलेटचे विकर रोखण्याचे सर्वांत परिचित औषध मात्र ॲस्पिरिन. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये त्याचे कार्य उलगडले आणि १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना बर्गस्ट्रॉम व सॅम्युएल्सन यांच्यासह मिळाले. ॲस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेजला कायमचे बंद करते आणि प्लेटलेटला नवे विकर घडवता येत नाही, म्हणून ७५ मिलिग्रॅमची एक छोटी गोळी त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर पुरते. क्लोपिडोग्रेल एडीपीची हाक ऐकणारे ग्राहीप्रथिन बंद करते. व्यापारी कुटुंबांत साठी ओलांडलेल्या कितीतरी ज्येष्ठांच्या पेटीत या दोन्ही गोळ्या असतात. अशा व्यक्तीस सर्पदंश झाला तर गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी आणि डॉक्टरांना आधी दाखवावी. आणि कोणासही दंश झाला असता वेदना कमी व्हावी म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी घरून देऊ नये. विषाने अर्धे काम केलेलेच असते. उरलेले आपल्या हाताने होते.

जैन वाचकाला प्रतिविषाचा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळूही नये. अल्बेर कॅल्मेट यांनी १८९० च्या दशकात प्रतिविष प्रथम तयार केले, त्याची पद्धत मूलतः आजही तीच आहे. घोड्याला अत्यल्प प्रमाणात विष टोचतात, मात्रा हळूहळू वाढवतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली की रक्त काढून द्रव वेगळा करतात. तो द्रव पेप्सिन या प्राणिज पचनविकराने छाटून शुद्ध करतात. भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर मिळून एकच प्रतिविष बनते. त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा समाजाच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. साप पकडून, विष काढून ते पुन्हा निसर्गात सोडले जातात. प्रदेश बदलला की त्याच जातीच्या सापाचे विष काही अंशी बदलते, त्यामुळे दक्षिणेतील विषावर बनलेले औषध प्रत्येक भागात सारखेच प्रभावी ठरेल असे नाही, ही या व्यवस्थेची खरी उणीव आहे. फॉस्फोलिपेज ए-२ ला अडवणाऱ्या वॅरेस्प्लॅडिब या गोळीची चाचणी माणसांवर झाली, भारतातील रुग्णालयेही तिच्यात होती. पण प्रतिविषाला बाजूस सारण्याइतके यश अद्याप कोणासही मिळालेले नाही.

तेव्हा घोड्याच्या रक्तातून आलेले औषध घ्यावे का? श्रावकाच्या बाबतीत या प्रश्नावर घुटमळण्यास वेळच नसतो, आणि प्राणरक्षणासाठी घेतलेल्या औषधाबद्दल मनात अपराध बाळगण्याचे कारण दिसत नाही. साधू-साध्वीजींच्या आचारात उत्सर्ग आणि अपवाद असे दोन मार्ग आहेत. वाहन, रात्रीचा उपचार, टोचणी यांविषयीचा निर्णय गुरुभगवंतांचा. मात्र तो निर्णय दंशानंतर फोन शोधत करण्याचा नाही. विहाराची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनी तो आधीच विचारून ठेवावा, वाटेवर प्रतिविष कोठे मिळते याची खात्री करून घ्यावी आणि पहाटे पुढे चालणाऱ्याच्या हाती चांगला विजेरी दिवा द्यावा. श्वेतांबर परंपरेतील चंडकौशिकाची कथा प्रत्येकाला ठाऊक आहे. भगवान महावीरांच्या अंगठ्यातून दुधासारखे रक्त आले आणि सर्प शांत झाला. त्या कथेतील करुणा दोघांवर आहे, हे विसरून चालत नाही. दंशानंतर साप मारून दवाखान्यात नेण्याची पद्धत म्हणूनच दुहेरी चुकीची आहे. औषध चारही सापांवर एकच असल्याने मेलेल्या सापाचा उपचारास फारसा उपयोग नसतो, त्याला मारण्यात वेळ जातो आणि दुसरा दंशही होतो.

वेळेचे मोल या भागात ज्यांनी वर्षानुवर्षे सांगितले त्यांत नारायणगावच्या विघ्नहर नर्सिंग होमचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. रुग्णांवर उपचार करणे हे त्यांच्या कामाचे एक अंग. गावोगावी, शाळाशाळांत जाऊन सर्पदंशाविषयी बोलणे हे दुसरे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर जे केले त्याच जातीचे हे काम आहे. तालुक्याच्या गावी राहून, समोरच्या रोग्यांकडून शिकत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले आणि भारत सरकारने २०२४ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून वारसास दोन लाख रुपये मिळतात. दुकानावर येणाऱ्या कुटुंबांना अर्ज भरण्यास मदत करणे हे कोणत्याही व्यापाऱ्यास सहज जमण्यासारखे आहे, कारण अशा घरात त्या दिवसांत कागद गोळा करण्याची शुद्ध कोणाला नसते.

दंश झाल्यावर करायचे ते थोडे आहे. माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये, अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत कारण सूज येते, दंशाचा अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जावे. दोरी आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, चोखू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. घट्ट दोरीने विष एका जागी कोंडून तेथील मांस कुजते, आणि चीर दिलेल्या जागेतून न गोठणारे रक्त वाहतच राहते. येथे आणखी एक सावधगिरी हवी. नाग आणि मण्यार यांचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर चालते. त्यांच्या दंशात नळीतले रक्त नीट गोठते, तरीही पापण्या जड होतात आणि श्वास बंद पडू शकतो. मण्यार तर झोपेत चावतो आणि पुष्कळदा दुखतही नाही. ‘रक्त गोठले, आता घरी जाऊ’ असे म्हणून कोणी रुग्णालय सोडू नये.

घोणशीचा दंश ठरला की प्रतिविषाच्या सामान्यतः आठ ते दहा कुप्या शिरेतून देतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष वयाकडे पाहून सोडलेले नसते. या वेळी नातेवाइकांची धावपळ बहुधा प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी सुरू होते. डेंग्यूने लावलेली ती सवय. महावीर जन्मकल्याणकाच्या शिबिरांत रक्त देणारे तरुण लगेच फोन फिरवतात. हेतू थोर असला तरी क्रम चुकतो. विष रक्तात फिरत असेपर्यंत बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही त्याच गुठळ्यांत खर्ची पडतात. आधी प्रतिविष, पिशव्या लागल्याच तर डॉक्टर सांगतील. प्लेटलेट शीतपेटीत राहत नाहीत, २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांतच निरुपयोगी होतात, म्हणून त्या उगाच मागवून ठेवण्यासारखी वस्तूही नव्हे.

प्रतिविष मोकळ्या विषाला बांधते. संपलेले फायब्रिनोजेन ते परत आणत नाही. ते यकृताने नव्याने घडवायचे असते आणि त्यास सुमारे सहा तास लागतात. म्हणून सहा तासांनी पुन्हा दोन मिलिलिटर रक्त, पुन्हा नवी काचेची नळी, पुन्हा वीस मिनिटे. तोवर परिचारिका लघवीचे माप लिहीत राहते, दंशाच्या पायाचा घेर फितीने मोजते, पापण्या पाहते. बाहेरच्या बाकावर घरची माणसे बसलेली असतात. नळी तिरपी केल्यावर रक्त वाहिले तर आणखी कुप्या. जागचे हलले नाही तर पुढच्या तपासणीची वेळ कागदावर लिहिली जाते.